डीडी २१४ वर राहून गेलेली युद्धपदकं: अमेरिकी सैन्याची नोंद दुरुस्त करून घेताना

माझे सासरे ऑगस्ट १९६८ ते ऑगस्ट १९६९ असं पूर्ण वर्ष व्हिएतनाममध्ये पायदळात होते. येताना डाव्या दंडात तोफगोळ्याचा तुकडा घेऊन आले, तो अजून तिथेच आहे. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर, म्हणजे सैन्यातून मोकळं करताना दिल्या जाणाऱ्या डीडी २१४ वर, मात्र तीनच पदकं होती, आणि तीही त्या काळी तिकडे जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येक सैनिकाला मिळणारी. जखमेचा उल्लेख नाही, लढाईचा नाही. पन्नास वर्षं त्यांनी तो कागद तसाच ठेवला. विचारलं की म्हणायचे, "राहू दे, जे परत आलेच नाहीत त्यांचं बघा."

अर्ज आम्ही केला तो नातवंडांसाठी, आणि थोडा त्यांच्या उपचारांसाठीही. पर्पल हार्ट (शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला मिळणारं पदक) असलेल्या माजी सैनिकाला व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या दवाखान्यांत तिसऱ्या प्राधान्यगटात घेतात. त्याशिवाय लढाईत भाग घेतल्याची पदकं नोंदीवर असली की त्या काळातल्या दुखापतीबद्दलचं सैनिकाचं म्हणणं मान्य होणं बरंच सोपं जातं. म्हणजे हा मानाचा प्रश्न आहेच, पण नुसता मानाचा नाही.

या कामात मी अडीच वर्षं घालवली. त्यातलं निदान एक वर्ष माझ्याच अज्ञानात गेलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी घरांत आता सैन्यातून परतलेले जावई, मुलं, सासरे आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं आर्मीची आहेत. नौदल, मरीन आणि हवाई दलाचा रस्ता असाच आहे, फक्त नोंदी दुरुस्त करण्याचा निर्णय देणारी बोर्डं वेगवेगळी.

१. नेमकं काय मागायचं ते आधी ठरवा

"सगळी पदकं द्या" असा अर्ज करू नका. प्रत्येक पदकाचे नियम वेगळे आणि पुरावाही वेगळा. ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

पहिला प्रकार आपोआप लागू होणाऱ्या पदकांचा. ठरावीक काळात, ठरावीक जागी, ठरावीक तुकडीत होता एवढं सिद्ध झालं की पुरे. व्हिएतनाम सर्व्हिस मेडलवरचे छोटे तारे यातच येतात.

दुसरा प्रकार निकषांवर मिळणाऱ्या पदकांचा. कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅजसाठी (लढाईत भाग घेतलेल्या पायदळातल्या सैनिकाचा बिल्ला) सैनिकाचा हुद्दा पायदळाचा हवा, नेमणूक ब्रिगेड किंवा त्याहून लहान पायदळ तुकडीत हवी आणि ती तुकडी प्रत्यक्ष लढत असताना तो तिथे हजर हवा. पर्पल हार्टसाठी जखम शत्रूच्या कारवाईत झालेली हवी, तिच्यावर वैद्यकीय उपचार झालेले हवेत आणि त्या उपचारांची नोंद हवी.

तिसरा प्रकार शिफारशीने मिळणाऱ्या शौर्यपदकांचा: 'व्ही' चिन्हासह ब्राँझ स्टार, सिल्व्हर स्टार वगैरे. हा रस्ता सगळ्यांत अवघड. त्याबद्दल आठव्या पायरीत.

इथे तीन गोष्टींत लोक हमखास फसतात. पहिली, ब्राँझ सर्व्हिस स्टार आणि ब्राँझ स्टार मेडल एकच समजणं. पहिला म्हणजे पदकाच्या फितीवर लावायचा बारीक तारा, एका मोहिमेला एक. दुसरं स्वतंत्र पदक आहे. कागदावर "४ ब्राँझ स्टार" असं दिसलं म्हणजे चार शौर्यपदकं नव्हेत. दुसरी, कॉम्बॅट ॲक्शन बॅज. तो २००५ साली सुरू झाला आणि १८ सप्टेंबर २००१ च्या आधीच्या लढाईसाठी मिळत नाही, त्यामुळे व्हिएतनामच्या सैनिकाने तो मागून उपयोग नाही. मरीन आणि नौदलाची कॉम्बॅट ॲक्शन रिबन वेगळी. तिला १९९९ च्या कायद्याने ७ डिसेंबर १९४१ पर्यंत मागचा लाभ दिलेला आहे. तिसरी, दुसऱ्या महायुद्धात इन्फंट्रीमन बॅज मिळालेल्यांना त्याच्या आधारावर ब्राँझ स्टार मेडल मिळू शकतं. ही सवलत त्या युद्धापुरतीच आहे. कुणाच्या आजोबांना मिळालं म्हणून व्हिएतनामवाल्याला मिळेल असं नाही.

२. नुसता डीडी २१४ नको, पूर्ण फाईल मागवा

माझी पहिली चूक इथेच झाली. मी फक्त डीडी २१४ ची प्रत मागितली, तेवढीच आली, आणि ती तर घरात होतीच.

मागायचं ते ऑफिशियल मिलिटरी पर्सोनेल फाईल, म्हणजे सैनिकाच्या सेवेची फाईल, संपूर्ण. ती सेंट लुईस, मिझुरी इथल्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मिळते. अर्जाचा नमुना एसएफ १८०. नॅशनल आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन सेवेतूनही मागता येते. अर्जावर सैनिकाची सही लागते. ते हयात नसतील तर पती किंवा पत्नी (पुनर्विवाह न केलेले), आई-वडील, मुलं किंवा भावंडं मागू शकतात, सोबत मृत्यूचा दाखला जोडून. सैनिकाला किंवा या जवळच्या नातलगांना याचा खर्च सहसा पडत नाही. "लवकर मिळवून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्या खासगी कंपन्यांच्या नादी लागू नका.

वैद्यकीय कागद वेगळे मागा, आणि रुग्णालयात भरती केलं असेल तर रुग्णालयाचं नाव आणि वर्ष लिहून त्या नोंदी आणखी वेगळ्या मागा. त्या पुष्कळदा फाईलमध्ये नसतात. व्हेटरन्स अफेअर्सकडे पूर्वी कधी दावा केला असेल तर तिथली दाव्याची फाईलही मागवा. सासऱ्यांच्या हॉस्पिटलचा एकुलता एक कागद आम्हाला तिथे सापडला.

सैनिक जुन्या काळातले असतील तर १२ जुलै १९७३ ची आग लक्षात घ्या. सेंट लुईसच्या त्या इमारतीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात आर्मीतून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यात गेल्या. तुमचं उत्तर "फाईल उपलब्ध नाही" असं आलं तर हाय खाऊ नका. पगाराच्या नोंदी आणि तुकडीचे रोजचे अहवाल यांवरून बरंच काही पुन्हा उभं करता येतं.

३. फाईल कशी वाचायची

पाकीट आलं की घाई करू नका. चहा घेऊन टेबलावर बसा आणि कागद तारखेनुसार लावा.

व्हिएतनाम काळातल्या आर्मीच्या सैनिकासाठी सगळ्यांत महत्त्वाचा कागद डीए फॉर्म २०, म्हणजे सेवेचा नोंदपट. पुठ्ठ्यासारखा, दोन्ही बाजूंनी खचाखच भरलेला. त्यातले चार रकाने बघा: ३१ परदेशातल्या सेवेचा, ३८ नेमणुकांचा, ४० जखमांचा, ४१ पदकांचा. डीडी २१४ वर पदकं उतरवताना ४१ मधलं एखादं सुटून गेलेलं असतं. असं आढळलं तर तुमचं निम्मं काम झालं.

सासऱ्यांचा ४० रिकामा होता. पण ३८ मध्ये पायदळाची बटालियन होती आणि हुद्दा ११बी, म्हणजे पायदळातला शिपाई. शिवाय फाईलच्या तळाशी एक पुसट कार्बन प्रत मिळाली. बटालियनमधल्या कितीतरी जणांना इन्फंट्रीमन बॅज दिल्याचा आदेश होता तो, आणि नावांच्या यादीत मधेच त्यांचं नाव. ते नाव मी तीनदा वाचलं आणि मग त्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, यादीवरून बोट फिरवलं आणि आपल्या नावापाशी न थांबता खालच्या दुसऱ्याच एका नावापाशी थांबले.

असे आदेश जपून ठेवा. ते पदकाचा पुरावा असतातच, शिवाय त्यातली बाकीची नावं हे तुमचे पुढचे साक्षीदार असतात.

आता मोहिमांचा हिशेब. व्हिएतनाम सर्व्हिस मेडलसाठी एकूण १७ मोहिमा ठरवलेल्या आहेत, प्रत्येकीच्या तारखा पक्क्या. सासऱ्यांच्या वर्षात चार बसल्या: काउंटरऑफेन्सिव्ह पाचवा टप्पा, सहावा टप्पा, टेट ६९ आणि १९६९ चा उन्हाळा-शरद. म्हणजे चार तारे, आणि कागदावर एकही नव्हता. तुकडीला सामूहिक सन्मान कोणते मिळाले ते डीए पॅम्फ्लेट ६७२-३ मध्ये तुकडीनिहाय दिलेलं आहे. दक्षिण व्हिएतनाम सरकारचं गॅलंट्री क्रॉस विथ पाम हे सामूहिक सन्मानचिन्ह तर आर्मीच्या १९७४ च्या आठव्या जनरल ऑर्डरने तिथे सेवा केलेल्या जवळजवळ सर्व तुकड्यांना मिळालं. अनेकांच्या डीडी २१४ वर ते नाही, कारण ते घरी परतल्यानंतर हा आदेश निघाला.

४. फाईलबाहेरचे पुरावे

बोर्ड असं गृहीत धरतं की सरकारी नोंद बरोबर आहे. ती चूक आहे हे दाखवणं तुमच्यावर असतं, आणि ते "जास्त शक्यता कोणत्या बाजूला" या कसोटीवर. सैनिक खरं बोलतो आहे की नाही याची परीक्षा तिथे होत नाही. त्याच्या बोलण्याला त्या काळातला कागद दुजोरा देतो का, एवढंच बघितलं जातं. हे समजलं तेव्हा मला आधी राग आला. पण शेजारच्या गावात कुणीतरी न मिळवलेलं पदक छातीवर लावून फिरतो हे सासऱ्यांना किती लागतं ते मी पाहिलं आहे. ती कसोटी त्यांच्यासाठीच आहे.

म्हणून त्या काळातला कागद शोधा. आर्मीचे मॉर्निंग रिपोर्ट, म्हणजे कंपनीत रोज कोण हजर, कोण जखमी, कोण दवाखान्यात याची नोंद, १९७४ पर्यंतचे सेंट लुईसलाच आहेत. ते शोधायला कंपनीचं अक्षर, बटालियन आणि शक्य तितकी जवळची तारीख द्यावी लागते. "१९६९ मध्ये कधीतरी" म्हणून चालत नाही. बटालियनच्या रोजनिश्या आणि कारवाईनंतरचे अहवाल मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम संग्रहातले पुष्कळ कागद तर घरबसल्या बघता येतात.

आणि घरातही शोधा. माळा, जुन्या ट्रंका, आईची पत्रं. आमचा सगळ्यांत भक्कम पुरावा सासऱ्यांच्या आईने बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली तार निघाली: मुलगा जखमी झाला आहे, तारीख, शरीराचा भाग. घरच्यांना आलेली तार, हॉस्पिटलमधून लिहिलेलं पत्र पोस्टाच्या शिक्क्यासकट, गावच्या वर्तमानपत्रातलं कात्रण, हे सगळं चालतं. पाकिटं टाकून देऊ नका. तारीख पाकिटावरच असते.

५. साक्षीदारांची पत्रं

जिवंत साथीदार शोधणं हा या कामातला सगळ्यांत हळवा भाग. तुकड्यांच्या माजी सैनिकांच्या संघटना असतात, त्यांची संमेलनं होतात. तिथे एकाची गाठ पडली की तो दुसऱ्याचा पत्ता देतो.

पत्र त्यांच्याच शब्दांत हवं. मी मदत म्हणून एक मसुदा लिहून तिघांना पाठवला होता. काउंटीतल्या (म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या) सैनिक साहाय्य अधिकाऱ्याने तो बघून मला थांबवलं. तीन पत्रांत तीच वाक्यं दिसली की तिन्हींचं वजन जातं. प्रत्येकाने एवढं सांगावं: मी कोण, कोणत्या कंपनीत, कोणत्या काळात. त्या दिवशी मी कुठे उभा होतो. काय डोळ्यांनी पाहिलं आणि काय नंतर ऐकलं. आठवत नाही ते आठवत नाही असं लिहावं. सोबत त्यांच्या डीडी २१४ ची प्रत, म्हणजे ते तिथे होते हे सिद्ध होतं. शेवटी "खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र" असं विधान, तारीख आणि सही असली की संघराज्याच्या कायद्यानुसार सहसा नोटरीची गरज पडत नाही.

६. बोर्डाआधीची पायरी चुकवू नका

थेट बोर्डाकडे गेलात तर अर्ज परत येऊ शकतो, कारण खालचे मार्ग आधी वापरलेले असावे लागतात. पहिलं पत्र सेंट लुईसला: पदकांची पडताळणी करा आणि नोंद दुरुस्त करा. आपोआप लागू होणारी पदकं पुष्कळदा इथेच मार्गी लागतात. गुंतागुंत असेल, विशेषतः पर्पल हार्ट, तर आर्मीच्या बाबतीत केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथल्या ह्यूमन रिसोर्सेस कमांडच्या पदक शाखेकडे. तिथून नकार आला तर ते नकारपत्र जपा. बोर्डाच्या अर्जात तेही लागतं.

व्हेटरन्स अफेअर्सच्या कार्यालयात पदकांची दुरुस्ती होत नाही. ते खातं वेगळं आहे. तिथे खेपा घालण्यात दिवस घालवू नका.

७. डीडी १४९

बोर्डाचा अर्ज हाच. डीडी २९३ नावाचा सारख्या दिसणारा दुसरा फॉर्म डिस्चार्जचा शेरा बदलण्यासाठी आहे, तो भरू नका. आर्मीचं बोर्ड आर्लिंग्टन, व्हर्जिनियामध्ये. नौदल आणि मरीनचं मिळून एक, हवाई दलाचं वेगळं, कोस्ट गार्डचं होमलँड सिक्युरिटी खात्याखाली. सदस्य त्या त्या खात्यातले नागरी कर्मचारी असतात. फी नाही.

पाठवायच्या गठ्ठ्यात हे हवं:

- सही केलेला डीडी १४९
- डीडी २१४ आणि डीए २० च्या प्रती
- पदकांचे किंवा नेमणुकीचे आदेश
- वैद्यकीय नोंदी
- मॉर्निंग रिपोर्ट, रोजनिशीची पानं, तार, पत्रं, कात्रणं
- साक्षीदारांची पत्रं
- आधीच्या कार्यालयांची उत्तरं
- सैनिक हयात नसतील किंवा सही करण्याच्या स्थितीत नसतील तर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा किंवा मुखत्यारपत्र

मूळ कागद कधीही पाठवू नका. प्रत्येक पानावर क्रमांक टाका आणि वर एक पानाचं पत्र ठेवा: कोणतं पदक, कोणता निकष, तो कोणत्या पानावर पूर्ण होतो. आमच्या पत्रात पर्पल हार्टपुरती चारच वाक्यं होती. दंडातल्या जखमेची तारीख, तार पान ११, हॉस्पिटलचा कागद पान १२, साथीदाराचं पत्र पान १४. युद्धाचं वर्णन, आयुष्यभराचा त्रास, देशासाठी केलेला त्याग हे सगळं खरं असतं, पण त्या पानावर त्याची जागा नाही.

मुदतीची भीती बाळगू नका. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास बोर्ड तो शिथिल करू शकतं. फॉर्ममध्ये उशीर का झाला असा प्रश्न आहे. तो कोरा सोडू नका, खरं कारण लिहा. सासऱ्यांनी लिहिलं, "परत आल्यावर मला या कशाबद्दलही बोलायचं नव्हतं."

अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही यांसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रशिक्षित प्रतिनिधी फुकट मदत करतात. काउंटीचा सैनिक साहाय्य अधिकारीही. वकील लावण्याआधी यांना भेटा.

८. शिफारसच राहून गेली असेल तर

"लेफ्टनंट म्हणाले होते, तुझं नाव पाठवतो." हे वाक्य मी किमान सहा माजी सैनिकांकडून ऐकलं. नाव पाठवलं गेलं असेल, वाटेत कागद हरवला असेल, किंवा लेफ्टनंटच दुसऱ्या आठवड्यात मारले गेले असतील. नुसत्या या वाक्यावर पदक मिळत नाही.

मार्ग आहे. संघराज्य कायद्याच्या दहाव्या भागातल्या ११३० व्या कलमाखाली मुदत उलटलेली शिफारसही विचारात घेता येते, मात्र ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यामार्फत जायला हवी. डीए ६३८ या नमुन्यात शिफारस, प्रसंगाचं वर्णन, प्रत्यक्षदर्शींची पत्रं. शिफारस करणाऱ्याला घटनेची स्वतःची माहिती हवी. सैनिकाला स्वतःची शिफारस करता येत नाही. तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात अशा कामांसाठी माणूस नेमलेला असतो, आधी फोन करून त्याचं नाव विचारा.

आम्ही इथे थांबलो. सासऱ्यांचे लेफ्टनंट आणि सार्जंट दोघेही हयात नाहीत. ज्या रात्रीच्या प्रसंगासाठी शिफारस मागितली असती, त्या रात्रीचे जे दोन साथीदार आहेत त्यांनी गोळीबार ऐकला, पण अंधारात पाहिलं काही नाही. न पाहिलेलं लिहा असं त्यांना सांगायला सासरे तयार नव्हते.

९. निकाल

कायद्याने बोर्डांना ९० टक्के अर्ज दहा महिन्यांत निकाली काढायचे आहेत आणि कोणताही अर्ज १८ महिन्यांच्या पुढे जाऊ नये असं बंधन आहे. तुम्ही मोठी मुदत धरून चाला. पत्ता बदलला तर कळवा.

निकालपत्र लांबलचक असतं. शेवटचं पान वाचून ठेवून देऊ नका. बोर्डाच्या कर्मचाऱ्यांनी फाईल चाळताना तुम्ही न मागितलेली पदकंही सापडलेली असतात, आणि ती बोर्डाच्या मताशिवाय प्रशासकीय दुरुस्ती म्हणून देता येतात. आमच्या पत्रात पर्पल हार्ट आणि इन्फंट्रीमन बॅजच्या बरोबरीने चार तारे, गॅलंट्री क्रॉस आणि आम्हाला माहीतही नसलेला नेमबाजीचा एक बिल्ला होता.

नकार आला तर कारण शब्दशः वाचा. "जखमेची नोंद आहे, पण ती शत्रूमुळे झाल्याची नाही" असं असेल तर नेमकं तेवढंच शोधा. आधी न पाहिलेला नवा पुरावा जोडून फेरविचार मागता येतो. तोच गठ्ठा पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही.

१०. डीडी २१५ आल्यावर

सहसा जुना डीडी २१४ बदलून मिळत नाही, दुरुस्तीचा डीडी २१५ मिळतो. दोन्ही कायम एकत्र ठेवा. एकाशिवाय दुसरा अपुरा. व्हेटरन्स अफेअर्सला प्रत स्वतः द्या, ती आपोआप पोहोचेल असं धरू नका. अंत्यविधीची कागदपत्रं ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथेही एक प्रत ठेवा, कारण पर्पल हार्ट मिळालेल्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागेचा हक्क असतो आणि त्या दिवशी घरातलं कुणी कागद शोधण्याच्या मनःस्थितीत नसतं. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात प्रत ठेवायची असेल तर ती लोकांना बघायला खुली असते का हे आधी विचारा. त्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक असू शकतो.

पदकं फिलाडेल्फियाहून येतात, पहिला संच फुकट. आमचा खोका मंगळवारी आला. सासऱ्यांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला, पर्पल हार्ट बाहेर काढलं, उलट्या बाजूचा मजकूर वाचला. मग उठून बिस्किटांचा डबा आणला आणि आईच्या तारेच्या घडीत ते ठेवलं. इन्फंट्रीमन बॅज मात्र टोपीला लावला आहे. तो रोज असतो.